जिभेवरची खूण

उष्टावणाची चांदीची वाटी शैलजाबाईंनी आदल्या दिवशीच रांगोळीनं घासून लख्ख केली होती. खीरही त्यांनी कुणाला करू दिली नाही. वेलदोड्याची पूड दोनदा वस्त्रगाळ केली, बाळाच्या घशाला लागू नये म्हणून. पाटावर जुईचा मामा तुषार बसला, सहा महिन्यांची जुई त्याच्या मांडीवर, आणि सांगलीतल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये मावतील तेवढ्या बायका भोवती उभ्या राहिल्या. तुषारनं सोन्याची अंगठी खिरीत बुडवून जुईच्या ओठांना लावली.

जुईनं तोंड वाकडं केलं. सगळे हसले. दुसऱ्या वेळी तिनं जिभेनं खीर बाहेर ढकलली. तिसऱ्या वेळी मान फिरवली आणि बारीक आवाजात रडायला लागली. मामाचा हात खरखरीत आहे, कंजूस मामाची खीर गोड कशी लागेल, अशी थट्टा झाली. जुईची आजी, शैलजाबाई, पुढं झाल्या. त्यांनी मऊ भात, तूप आणि कणभर मीठ कालवून बोटावर घेतलं. तेही परत आलं.

तेवढ्यात शेजारच्या गौतमीनं आपल्या दहा महिन्यांच्या मुलासाठी पेजेचं पाकीट फोडलं. जुई रडायची थांबली. तिनं वासाच्या दिशेनं मान वळवली आणि पक्ष्याच्या पिलासारखं तोंड उघडलं.

"बघा, हिला आधीच ठाऊक आहे," गौतमी म्हणाली. बायका खळखळून हसल्या. ते वाक्य जाहिरातीतलं होतं, सगळ्यांना पाठ होतं.

जुईची आई शाल्मली तेवढी हसली नाही. तो वास तिनंच तयार केला होता. आणि त्याचा कणभरही आपल्या पोटात जाऊ नये म्हणून गरोदरपणाचे नऊ महिने आणि नंतरचे सहा तिनं डोळ्यांत तेल घालून काढले होते.

शाल्मली कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका अन्नपदार्थांच्या कंपनीत स्वादरसायनतज्ज्ञ होती. एम.एस्सी.ला पहिली आलेली, प्रत्येक गोष्टीची टिपणं काढणारी. तिला तिथं काम मिळालं तेव्हा कंपनीचा प्रश्न साधा होता. लोक वर्षाला तीन वेळा बिस्किट बदलतात, ते आपल्याकडेच कसे राहतील?

उत्तर जुन्या संशोधनात पडून होतं. गर्भाच्या जिभेवर चवीच्या कळ्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तयार होतात. त्यानंतर तो रोज गर्भजलाचे घोट घेत असतो. आईनं लसूण खाल्ला, बडीशेप खाल्ली, तर त्यांचे गंधरेणू रक्तातून त्या पाण्यात उतरतात. गरोदरपणी नियमानं गाजराचा रस प्यायलेल्या बायकांची मुलं पुढं गाजराची पेज जास्त आवडीनं खातात, हे कितीतरी वर्षांपूर्वी प्रयोगानं दाखवलं गेलं होतं. म्हणजे मूल जन्माला येतं तेव्हा घरच्या स्वयंपाकाची ओळख घेऊनच येतं.

शाल्मलीनं त्यात एक पाऊल पुढं टाकलं. आई रोज वेगळं खाते, म्हणून मूल विविधता शिकतं. समजा, रोजच्या प्रत्येक घासात एकच खूण असेल तर? तिनं दोन रेणूंची जोडी शोधली. एकाला कढत भातासारखा वास होता, दुसऱ्याला कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखा. दोन्ही निरुपद्रवी, दोन्ही यकृतात न मोडता गर्भजलात आणि नंतर दुधात उतरणारे. पण एका विशिष्ट प्रमाणातली ती जोडी निसर्गात कुठंच नव्हती. कुठल्याही स्वयंपाकघरात ती तयार होणं शक्य नव्हतं. ती फक्त कंपनीच्या डब्यात असणार होती. प्रयोगशाळेत सगळे तिला 'खूण' म्हणायचे.

मग ती विकायची कशी, यावर बैठक झाली. विपणन विभागाचा प्रमुख कौस्तुभ दाभाडे हुशार माणूस होता. विज्ञान त्याला पहिल्या झटक्यात समजलं. "पण गर्भजल म्हटलं की बाई चॅनेल बदलते," तो म्हणाला. "तिच्या भाषेत सांग."

शाल्मलीला आपल्या सासूबाई, शैलजाबाई, आठवल्या. जावेच्या डोहाळजेवणात तिनं त्यांच्या तोंडून ते ऐकलं होतं. शैलजाबाईंच्या आईचं, औदुंबरच्या आजीबाईंचं, ते बोलणं. "आमच्या आई म्हणतात," शाल्मली सहज म्हणाली, "मागतं पोटातलं लेकरू, आई नुसती तोंड हलवते."

कौस्तुभनं हातातलं पेन खाली ठेवलं. "परत म्हण," तो म्हणाला.

चार महिन्यांत ते वाक्य महाराष्ट्रभर झालं. गरोदरपणाची दवाखान्यात नोंद झाली की घरातल्या पडद्यांवरच्या जाहिराती त्या त्या आठवड्याप्रमाणे बदलायच्या. सोळाव्या आठवड्यापासून एक हिरव्या लुगड्यातली म्हातारी प्रत्येक गरोदर बाईला नावानं हाक मारून हेच सांगायची. प्रसूतिगृहांतून 'डोहाळे डबा' फुकट वाटला जायचा. पोषणाची पूड, दुधात घाला, शिऱ्यात घाला. कार्यालयांत कंपनीच्या खर्चानं सामुदायिक डोहाळजेवणं व्हायला लागली. फुलांच्या वाड्या, झोपाळा, धनुष्यबाण घेऊन फोटो, आणि मागं कंपनीचा फलक. नातेवाइकांना बोलवायचा व्याप नको म्हणून लोक खूश होते.

पहिल्या चाचणीत दोनशे बारा बायका होत्या. त्यांची मुलं खायला लागली तेव्हा आकडे आले. मुलांना कंपनीची पेज आवडत होती, ते अपेक्षितच होतं. पण एकशे एकतीस मुलं दुसरं काही तोंडातच घेत नव्हती. त्यांच्या लेखी खूण नसलेलं अन्न हे अन्नच नव्हतं. शाल्मलीनं अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर हे लाल चौकटीत लिहिलं आणि कौस्तुभकडे गेली.

"ही तक्रार नाही गं," तो शांतपणे म्हणाला. "हा निकाल आहे."

त्यानंतर दोन महिन्यांनी तिला दिवस गेले.

तिनं लगेच बदली मागून घेतली, प्रयोगशाळेतून आकडेवारीच्या टेबलावर. घरी आल्या आल्या अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. कंपनीचं बिस्किट, शेवया, सॉस, टूथपेस्ट, सगळं घराबाहेर. नवरा हर्षद म्हणायचा, हलवायाच्या घरी साखरेला बंदी. शैलजाबाईंना तिनं फक्त एवढंच सांगितलं, की आमच्या कंपनीचं काही मला नको. कारण सांगितलं नाही. गोपनीयतेच्या कागदावर तिची सही होती. आणि खरं सांगायचं तर, सासूसमोर ते कारण मांडायला तिला लाज वाटत होती.

म्हणून उष्टावणाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि एखादा फसलेला प्रयोग तपासावा तसं एकेक फडताळ तपासू लागली. तेल, डाळी, गूळ, साबण. शेवटी मेतकुटाच्या डब्यावर तिची नजर थांबली. डबा पत्र्याचा होता, कागद खरवडून काढलेला. पण कड वळवण्याची ती पद्धत तिच्या ओळखीची होती.

"आई, हा डबा कुठला?"

"तो होय? दवाखान्यात वाटत होते तो," शैलजाबाई वाटी पुसत म्हणाल्या. "दोन आणले होते मी. चांगला घट्ट झाकणाचा आहे, म्हणून ठेवला."

"आणि आतली पूड?"

त्या थोड्या हसल्या, चोरी पकडली गेलेल्या पोरीसारख्या. "तुझ्या शिऱ्यात. चमचाभर, रोज. बाळंतपणात डिंकाच्या लाडवांत घातली. तुला कळलंसुद्धा नाही."

"मी नको म्हटलं होतं, आई."

"तोंडानं नको म्हणत होतीस. पण मी पाहिलं होतं ना तुला. पाचव्या महिन्यात, दुपारची, कपाटापाशी. तो तुझा कामावरचा जुना पांढरा कोट तोंडाशी धरून उभी होतीस. किती वेळ. मी म्हटलं, पोरीला कसले डोहाळे लागलेत आणि काय मन मारून राहिलीय. पुरवले नाहीत तर लेकराची लाळ गळत राहते गं."

ते खरं होतं. पाचव्या महिन्यात शाल्मलीला त्याच वासाची ओढ लागली होती आणि तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. शिऱ्यातही वास आला नसेल असं नाही. पण तीन वर्षं तो वास तिच्या केसांत, नखांत, पदराला बसलेला. घरात कुठंही तो जाणवला की तो आपल्यालाच लागून आलाय असं ती धरून चालायची. दुसऱ्या कुठल्याही बाईनं एका घासात ओळखलं असतं.

"आणि मी काही मनानं नाही केलं हो," शैलजाबाई पुढं म्हणाल्या. "माझी आई म्हणायची, मागतं पोटातलं लेकरू, आई नुसती तोंड हलवते. तर टीव्हीवरची बाईही तेच म्हणाली. शब्दाला शब्द. मला तर काटाच आला अंगावर. म्हटलं, आई अंगठेबहाद्दर, पण तिचं बोलणं उगाच नव्हतं. आता शास्त्रवाल्यांनीही मानलंय."

सांगून टाकावं असं शाल्मलीच्या ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे ते वाक्य तिथं कुणी पोचवलं, हेही सांगावं लागलं असतं. "ठीक आहे, आई," ती म्हणाली आणि डबा जागेवर ठेवला.

तिनं वही काढली. नवी चव मुलाला दहा ते पंधरा वेळा द्यावी लागते, मग ते ती स्वीकारतं, हे तिला माहीत होतं. तिनं रकाने आखले. मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीची खीर, मेतकूट-भात. रोज तीन वेळा. जुई रोज तीन वेळा ओठ मिटून घ्यायची. पंधरा झाले, तीस झाले. अंगावरचं दूध आता पुरत नव्हतं. सात किलो दोनशे ग्रॅमची जुई आठव्या महिन्यात सहा किलो सातशेवर आली.

हर्षद म्हणाला, "एक पाकीट आण आणि विषय संपव. गौतमीचा पोरगा बघ कसा गुटगुटीत झालाय."

"त्याला आता पोळीचा तुकडा देऊन बघ," शाल्मली म्हणाली.

"नाही खात पोळी. नको खाऊ दे. जगतोय ना?"

ती त्याला समजावत बसली, की प्रत्येक पाकिटाबरोबर खूण पक्की होते, पुढं बिस्किट, पुढं शेवया, पुढं शाळेच्या डब्यात तेच. हर्षदनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे तुला मुलगी झाल्यावर सुचलं का?" त्याला टोचायचं नव्हतं बहुधा. पण ते बसायचं तिथं बसलं.

त्याच आठवड्यात तिनं पत्र लिहिलं, अन्नसुरक्षा विभागाच्या नावे. एकोणिसावं पान सोबत जोडलं. नोकरी जाणार, कदाचित खटला होणार, हे तिनं धरलं होतं. सोमवारी पाठवायचं ठरवलं.

पण या सगळ्यात सर्वांत जास्त हललेलं माणूस वेगळंच होतं. शैलजाबाईंनी आधी तांदूळ बदलून बघितला. मग तूप बदललं. मेतकुटाच्या डाळी पुन्हा भाजल्या, जिरं कमी केलं, सुंठ काढून टाकली. प्रत्येक वेळी वाटी भरलेली परत यायची आणि त्या ती ओट्याशी उभ्या राहून स्वतः संपवायच्या. शेजारणी दुखावायच्या हेतूनं बोलत नव्हत्या, पण बोलत होत्या. हल्लीच्या मुलांना घरचं नाहीच आवडत हो, वहिनी. एके दिवशी शाल्मली कामावरून आली तर शैलजाबाई जुईला भरवायला पुढं आल्याच नाहीत. गॅलरीत बसून होत्या.

"तूच भरव," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला चव राहिली नाही. पोर हात बघूनच तोंड फिरवते."

चाळीस वर्षं ज्यांच्या मेतकुटासाठी नातेवाईक डबे पाठवायचे, त्या बाईनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की शाल्मलीला त्यांच्याकडे बघवलं नाही.

शुक्रवारी डॉक्टरांनी जुईला तराजूवर ठेवलं आणि चष्मा काढला. आणखी दोनशे ग्रॅम उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं ते म्हणाले. "खाते ते द्या ना," त्यांनी सांगितलं. "माझ्याकडची दहातली सहा मुलं आता तेच खातात. एवढं काय त्यात?"

दुपारी शाल्मली प्रयोगशाळेच्या भांडारात गेली. तिनं मनाशी हिशेब मांडला होता. पाकीट आणायचं नाही. घरचाच भात, घरचंच वरण, त्यात खुणेचा एक थेंब. पोटात अन्न तर घरचं जाईल. मग दर आठवड्याला थेंब पातळ करत न्यायचा, निम्मा, पाव, शून्य. निदान जुई आजीच्या हातून जेवेल. पत्राचं नंतर बघू. पत्र गेलं की भांडाराला सील लागणार होतं.

दहा मिलिलिटरची बाटली घेताना संगणकावर एक रकाना भरावा लागायचा. कारण. तिथं काहीही लिहून चाललं असतं. पण शाल्मलीनं आयुष्यात नोंदवहीत खोटं लिहिलं नव्हतं, त्यामुळं तिला चटकन खोटं सुचलं नाही. तिनं लिहिलं, 'घरच्या अन्नात मिसळून बाळाची प्रतिक्रिया पाहणे.'

शनिवारी सकाळी तिनं शैलजाबाईंना बळेच ओट्याशी आणलं. एकदाच करा, तुमच्या पहिल्या पद्धतीनं, सुंठ-जिऱ्यासकट, म्हणाली. त्या नाइलाजानं उठल्या. आंबेमोहराचा भात गुरगुट्या शिजवला, मेतकूट घातलं. त्या पाणी प्यायला वळल्या तेवढ्यात शाल्मलीनं तुपाच्या चमच्यात एक थेंब सोडला आणि तूप भातावर ओतलं.

पहिला घास जुईच्या ओठांशी गेला. तिचं नाक हललं. तोंड उघडलं. घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिनं आजीचं मनगटच दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाकडे ओढलं.

वाटी रिकामी झाली तरी शैलजाबाई बोटानं पुसून पुसून भरवत राहिल्या. हर्षद दारात उभा राहून बघत होता. मग शैलजाबाईंनी जुईचं तोंड पदरानं पुसलं आणि डोळेही त्याच पदरानं पुसले.

"हात कितीही थकला तरी," त्या हळूच म्हणाल्या, "नातवंडाला आजीची चव सापडतेच."

शाल्मली बाटली मुठीत धरून उभी होती.

फोन वाजला तेव्हा ती गॅलरीत गेली. कौस्तुभ होता, सुट्टीच्या दिवशी. भांडाराच्या नोंदी आता आपोआप त्याच्याकडे जातात, असं त्यानं सांगितलं. आवाजात राग नव्हता. उलट उत्सुकता होती.

"खाल्लं का तिनं?"

"खाल्लं."

"किती थेंब लागले?"

"एक."

पलीकडं तो काहीतरी लिहून घेत असावा. "शाल्मली, तुझ्या लक्षात येतंय ना हे काय आहे ते? आपण नुसती पेज विकत बसलोय. घरचं अन्न सगळं मोकळंच पडलंय. लहानशी बाटली, ठिबक झाकण. पोळीवर, भातावर, वरणावर. आया दुवा देतील. मुख्य म्हणजे आज्या."

शाल्मली मनातल्या मनात मोजत होती. दहा मिलिलिटरमध्ये साधारण दोनशे थेंब असतात. दिवसाला तीन. सासष्ट दिवस. पातळ करत नेलं तर थोडे जास्त. पातळ केल्यावर जुई ते खाईल का, याचा एकही आकडा तिच्याकडे नव्हता. आणि पुढच्या बाटलीवर सही कौस्तुभचीच लागणार होती.

आत शैलजाबाई जुईला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत होत्या आणि शेजारच्या गौतमीला मोठ्यानं हाक मारून सांगत होत्या, की वाटीभर भात खाल्ला हो पोरीनं, माझ्या हातचा. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा घरभर फिरत होता.

"बरं, एक सांग," कौस्तुभ म्हणाला. "सासूबाई काही म्हणाल्या का गं? तिनं खाल्लं तेव्हा?"

शाल्मलीनं काचेतून आत पाहिलं. मग तिनं ते वाक्य सांगितलं. हलक्या आवाजात, एकही शब्द न बदलता, नोंदवहीत लिहावं तसं.

पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"परत म्हण," कौस्तुभ म्हणाला.

तिनं परत म्हटलं.